मेहुणीची परीक्षा आणि माझे दोन्ही हात

भिण्याच्या बाबतीत माझ्या मेहुणीची बरोबरी करील असा माणूस निदान रायपुरात तरी अजून जन्माला यायचा आहे. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, रोज सकाळी दाढी करताना आरशातही एक पाहतो, पण आमचं सगळ्यांचं भिणं हौशी. पालीला भ्यायचं, साहेबाला भ्यायचं, बायकोला जरा जास्त भ्यायचं आणि जेवून झोपी जायचं. मेहुणी अभ्यास करून भिते. पुस्तक उघडून, पेन्सिलीनं खुणा करून, शांतपणे आणि क्रमवार भिते. पालीला ती शेपटी धरून बाहेर टाकते. आमच्या गुढियारी भागात रेल्वेलाइनच्या बाजूनं दिवसभर मालट्रकांची धुमश्चक्री चालते, त्यातून सायकल काढते. रक्त पाहून तिला घेरी येत नाही, उलट एखाद्या बाईला गुलाबी साडी आवडावी तसं ती रक्ताच्या रंगाचं कौतुक करते. तिची भीती एकाच गोष्टीची आहे. आपल्या हातून एक दिवस चुकीचा रिपोर्ट जाईल, आणि त्यापायी कोणीतरी मरेल.

माझे सासरे रेल्वेतून रिटायर झालेले. मूळ घर गोंदियाकडचं, पण सगळी नोकरी इकडेच झाली, तेव्हा गुढियारीत दोन खोल्या बांधून राहिले. त्यांना दोन मुली. थोरली माझी बायको, जिला कशाचीच भीती वाटत नाही, आणि धाकटी ही. दोघींच्या वाटणीची भीती एकीलाच मिळाली, असं सासरे म्हणतात. आम्ही दोघं त्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक गल्ली सोडून राहतो. मी भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडतो, म्हणजे शरीरविज्ञानाशी माझा संबंध स्वतःच्या शरीरापुरता. मेहुणीनं मात्र बीएस्सी करून लॅबचं शिक्षण घेतलं आणि आमच्याच भागातल्या एका लहान लॅबमध्ये ती कामाला लागली. पण सर्टिफिकेटची परीक्षा पास झाल्याशिवाय रिपोर्टवर सही करता येत नाही. तोवर नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि काउंटरवर बसून लोकांना "जेवून आलात का" असं विचारायचं. एकदा ती परीक्षेला गेली होती. केंद्राच्या फाटकापर्यंत पोचली, आतल्या गर्दीकडे पाहिलं आणि त्याच ऑटोनं घरी परत आली. लॅबच्या मालकानं, माणूस भला असूनही, तिला स्पष्टच सांगून टाकलं की यंदा पास झालीस तर मशीन तुझं, नाही तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. झालं. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांचं दवाखान्यात रूपांतर झालं.

तिचा जो धडा चालू असेल तो रोग आम्हाला होई. रक्तक्षयाच्या धड्याच्या दिवसांत मी सासऱ्यांच्या दारात पाय ठेवला, की 'जय भीम' म्हणायच्या आत ती माझी खालची पापणी ओढून आत डोकावायची. काविळीचा धडा लागला तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकेक करून उन्हात उभं केलं. मूत्रपिंडाचा धडा चालू होता त्या दिवसांबद्दल मी लिहू नये हे बरं. साखरेच्या धड्यात मी तिच्यासमोर दोनदा पाणी प्यायलो, तर तिनं हातातलं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी घरी येऊन बायकोला माझ्या विम्याचे कागद कुठे आहेत ते दाखवून ठेवलं. हसण्यावारी नेण्यासारखं आहे, मलाही कळतं. पण भीतीचं असं असतं की एक माणूस मनापासून भिऊ लागला की शेजारी बसणाऱ्याला फार वेळ शहाणपण टिकवता येत नाही. मी रात्री माझी नाडी मोजू लागलो होतो.

पुस्तकात लिहिलेला प्रत्येक नियम ती घरात लावून बघायची. पेशंटला 'तुम्ही अमुक ना?' असं कधी विचारायचं नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असंच विचारायचं, हा त्यातला पहिला नियम. त्यामुळे सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी द्यायच्या आधी ती त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारी. सासरे रेल्वेतले, त्यांना यात काही वावगं वाटत नसे. ते खाटेवर सरळ बसत, नाव, बापाचं नाव, आडनाव आणि वर निवृत्त झालेल्या वेळचा हुद्दाही सांगत, आणि मग गोळी घेत. माझ्या बायकोला हे खपत नसे. तिनं एकदा चहाच्या आधी नाव सांगायला साफ नकार दिला, तर तिचा चहा गार होईपर्यंत मेहुणी कप हातात धरून उभी राहिली.

दुसरं, नळ्यांच्या रंगांचं. रक्त काढताना एका सुईला एकामागून एक नळ्या लावायच्या असतात, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी निळ्या झाकणाची, मग लाल, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. प्रत्येकीत वेगळं औषध. आधीच्या नळीतलं औषध पुढच्या नळीत चुकून गेलं की रिपोर्ट बिघडला. हा क्रम डोक्यात बसावा म्हणून ती दोन्ही घरांचे धुतलेले कपडे दोरीवर त्याच क्रमानं वाळत घालायची. निळी ओढणी, लाल साडी, हिरवा ब्लाउज, जांभळा टॉवेल, आणि टोकाला माझी राखाडी पँट. पाऱ्यातल्या बायकांना वाटायचं की ही काहीतरी व्रत करते आहे. शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी तर विचारलंसुद्धा की कोणत्या देवीचं आहे, आणि ती म्हणाली, "हव काकी, परीक्षा की देवी का." त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःचीही दोरी तशीच लावली.

आणि ते गरगर फिरणारं यंत्र, ज्यात रक्त घालून त्यातलं पाणी वेगळं करतात. त्यात नळ्या समोरासमोर आणि सारख्या वजनाच्या ठेवाव्या लागतात, नाही तर यंत्र थडथड उडायला लागतं. याचा परिणाम असा झाला की आमच्या जेवणाच्या पंगती समतोल झाल्या. माझ्यासमोर माझ्याच वजनाचं माणूस घरात नव्हतं, म्हणून मला भिंतीकडे तोंड करून बसवत, हे खरं वाटणार नाही, पण खरं आहे. ऑटोतसुद्धा ती मधल्या जागेवर बसे.

या सगळ्यावर आम्ही हसायचो. हसणं बंद झालं ते एका रविवारी.

लॅबच्या मालकानं तिला सुट्टीच्या दिवशी मशीनवर हात बसवायला परवानगी दिली होती. रक्त मात्र तिचं तिनं आणायचं. मी नेहमीप्रमाणे काहीतरी कारण काढून सटकलो. सुईचं नाव काढलं की मला ऑफिसचं काम आठवतं. तेव्हा बायकोनं हात पुढे केला. सकाळी आपल्या ताईचं रक्त दोन नळ्यांत घेऊन मेहुणी लॅबमध्ये गेली, आणि दुपारी आम्ही जेवायला बसणार तोच धावत परत आली. पायात चप्पल नव्हती. बायको तव्यावरची पोळी उलटत होती. मेहुणीनं गॅस बंद केला, तिला दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, हालू नको. हातबी हालवू नको."

मशीननं पोटॅशियमचा जो आकडा दाखवला होता तो जिवंत माणसाचा नसतो. इतकं पोटॅशियम असलेल्या माणसाचं हृदय कोणत्याही क्षणी थांबतं. कॅल्शियम त्याच्या उलट, जवळजवळ नव्हतंच. हे ती मला दाराशी कुजबुजत सांगत होती, आणि आत माझी बायको कणकेचे हात पुढे धरून ओरडत होती की पोळी अर्धी कच्ची राहिली, ती आता कोण खाणार. आम्ही तिला ऑटोत घातलं. त्या ऑटोत मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नाही. ही बाई आत्ता माझ्याशी भांडते आहे, आणि पुढच्या चौकात कदाचित भांडणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी तिचा कणकेचा हात घट्ट धरला होता. ती म्हणाली, "सोडा, घाम येऊन राहिला तुमच्या हाताले." मी सोडला नाही. मेहुणी समोरच्या पट्टीवर बसून ताईच्या गळ्याजवळची शीर उडते की नाही ते पाहत होती, एकसारखी, पापणी न लववता. तिला रडताही येत नव्हतं, कारण रडलं तर शीर दिसली नसती.

दवाखान्यात छातीला तारा लावून कागद काढला, तो स्वच्छ निघाला. नवीन रक्त काढलं, तेही स्वच्छ. मग तिथल्या वयस्कर डॉक्टरांनी मेहुणीला बाजूला बोलावून विचारलं, "बेटा, लाल नळी कमी भरली होती का? जांभळीतलं थोडं त्यात ओतलंस?" तिनं ओतलं होतं. लाल नळीत रक्त थोडं कमी पडलं होतं, जांभळीत भरपूर होतं, रक्त त्याच बाईचं, त्याच दंडातलं, मग ताईला पुन्हा सुई कशाला टोचायची म्हणून तिनं मायेनं ओतलं होतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं तेच मुळात पोटॅशियमचं, आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. दोरीवर कपडे ज्या कारणानं क्रमानं वाळत घालायची, तेच कारण. तिला पाठ होतं. पण समोर ताईचा हात होता.

त्या संध्याकाळी तिनं पुस्तकं कपाटावर ठेवून दिली. परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, फी भरलेली होती, पण ती म्हणाली, मी जाणार नाही. सासरे समजावायला गेले, रेल्वेतले दोनचार किस्से सांगितले, चुका होतात, सिग्नल सगळ्यांचेच चुकतात वगैरे. ती म्हणाली, "बाबा, तुमचा सिग्नल चुकला असता तर गाडी उभी राहून गेली असती. माझ्यानं उद्या कोणी मरून जाईल. मले नाही जमत." खरं सांगायचं तर मलाही वाटू लागलं होतं की नको. ऑटोतली ती भीती माझ्या अंगातून अजून गेली नव्हती. मी कोणाला शहाणपण शिकवणार?

शहाणपण माझ्या बायकोनंही शिकवलं नाही. तिनं एवढंच केलं की पुढच्या रविवारी सकाळी अंघोळ करून बापाच्या घरी गेली, मेहुणीच्या खाटेवर बसली आणि बाही वर केली. मेहुणी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बायको म्हणाली, "काढ. लवकर काढ, मले भाजी टाकाची हाय." ती उठेना. ही पण उठेना. दुपारपर्यंत दोघी तशाच. शेवटी भाजी काही झाली नाही, आम्ही सगळ्यांनी भजी मागवून खाल्ली, पण मेहुणी उठून हात धुऊन सुई घेऊन आली. सुईचं झाकण काढायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. झाकण निघाल्यावर मात्र शीर पहिल्याच झटक्यात सापडली. हे मी दाराआडून पाहिलं.

परीक्षेच्या प्रात्यक्षिकाला रक्त द्यायला आपला माणूस आपणच आणायचा, अशी त्या केंद्राची पद्धत होती. ताई जाणार हे ठरलेलं होतं. आदल्या दिवशी ताईला ताप भरला. सासऱ्यांचं वय आणि रक्त पातळ व्हायच्या गोळ्या. उरला कोण? बायकोनं अंथरुणातून माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसात ट्रक अडकलाय वगैरे सुरुवात केली होती, पण मेहुणी तिथेच उभी होती आणि माझ्या उत्तराची वाट न बघता हळूच म्हणाली, "राहू द्या भाऊजी, मी पुढच्या वर्षी देते." पुढच्या वर्षी तिच्यासाठी कोणी मशीन राखून ठेवणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी हो म्हणून बसलो. रात्रभर मला झोप आली नाही. तिला आली असेल असं वाटत नाही.

केंद्रावर लांब व्हरांड्यात परीक्षार्थी आणि त्यांनी आणलेले हात ओळीनं बसले होते. कोणाची आई, कोणाचा मित्र. आमची पाळी आली. मेहुणीनं माझ्यासमोर उभं राहून, परक्या माणसाच्या आवाजात, मला माझं पूर्ण नाव विचारलं. आणि काय सांगू, मला आठवेना. भीतीनं माणसाची वाचा जाते हे ऐकून होतो, नाव जातं हे तिथे कळलं. तिनं पुन्हा विचारलं. मी आडनावापासून सुरुवात करून उलटा कसाबसा नावापर्यंत पोचलो. परीक्षकांनी कागदावर काहीतरी खूण केली. दंडाला पट्टा बसला. माझ्या शिरा आधीच आत पळाल्या होत्या. तिनं बोटानं चाचपून एक शोधली, आणि मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा सुई निघालेली होती आणि कापूस माझ्या हाती दिलेला होता. पण मेहुणी हलत नव्हती. तिच्या एका हातात लाल झाकणाची नळी होती, तळाशी जेमतेम रक्त. शीर मध्येच रुसली असणार आणि पुढच्या नळीला पुन्हा वाहिली असणार, कारण दुसऱ्या हातातली जांभळी भरलेली होती. शेजारच्या टेबलांवरचे लोक नळ्या जमा करून उठत होते. परीक्षक घड्याळ पाहत होते. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी मात्र तिच्याकडे पाहत होतो, आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहितो. ओत, असं माझं मन म्हणत होतं. कोण बघतंय? हे रक्त खऱ्या पेशंटचं नाही, मी ठणठणीत आहे, रिपोर्ट कोणी वाचणार नाही, ओत आणि पास हो आणि मला घरी जाऊ दे. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या रविवारची, ऑटोतली भीती जशीच्या तशी होती.

ती परीक्षकांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "सर, सैंपल कम है. दुबारा लेना पड़ेगा." परीक्षकांनी सांगितलं की वेळ थोडा आहे, आणि दुसऱ्यांदा टोचल्याचे मार्क कापले जातात. ती म्हणाली, "जी सर." मग परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "दुसरा हात द्या."

मी दिला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

निकाल लागला. मार्क थोडे कापले गेलेच, पण ती पास झाली. काही दिवस ते मशीन सांभाळल्यावर तिला बस्तरच्या बाजूला एका गावातल्या दवाखान्यात नोकरी लागली, लॅबच्या मालकानं स्वतः बसमध्ये बसवून दिलं. तिकडे पहाटेपासून रांग असते म्हणे, आणि ही प्रत्येकाला पूर्ण नाव विचारते, त्यामुळे रांग हलत नाही म्हणून लोक कुरकुरतात. महिन्यातून एकदा येते तेव्हा दमलेली असते, जेवते आणि झोपते. आमच्या पापण्यांकडे बघायला तिला वेळ नसतो. आम्ही सगळे बरे झालो आहोत.

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी मला रक्त तपासून हवं होतं, म्हणून पंडरीच्या बाजारात एका मोठ्या चकचकीत लॅबमध्ये गेलो. थंडगार हवा, काचेची दारं. रक्त काढणारा तरुण हुशार दिसत होता. फोन कानाशी खांद्यानं दाबून तो कोणाशीतरी क्रिकेटवर बोलत होता. मला म्हणाला, "आप ही हैं ना?" मी हो म्हणालो. त्यानं एका झटक्यात सुई घातली, हसत हसत नळ्या भरल्या, माझ्याकडे न बघता चिठ्ठ्या लावल्या आणि पुढच्याला बोलावलं. सगळं सफाईनं. त्याचं काही चुकलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि ते पाहून मला फार भीती वाटली.

बाहेर कापडाच्या दुकानांच्या गर्दीत उभं राहून मी मेहुणीला फोन लावला. विचारलं, सुट्टीवर कधी येते आहेस. ती म्हणाली, "काहून?" मी म्हटलं, जरा रक्त काढून हवं होतं. लगेच तिचा आवाज बारीक झाला. "कोणाचं, भाऊजी? काय होऊन राहिलं? ताई बरी हाय ना?" काही नाही ग, असंच, मी म्हटलं. तिचा विश्वास बसेना. ताप आहे का, थकवा आहे का, रात्री उठता का, बाबा गोळी घेतात का, ती विचारत राहिली, आणि मी त्या गर्दीत कोपऱ्यात उभा राहून तिच्या एकेका प्रश्नाला नीट उत्तर देत राहिलो. फोन ठेवावासा वाटेना.